नव्वदवरची खूण

घरी बनवलेला ट्रान्समीटर दुरुस्तीला घेतला की पहिली अडचण येते ती सर्किटची. हीथकिटचा किंवा जॉन्सनचा जुना अमेरिकन सेट असला तर त्याचं मॅन्युअल आजही मिळतं. कुठल्या पिनवर किती व्होल्ट यायला हवेत याचा तक्ताच त्यात असतो. घरच्या सेटचं सर्किट मात्र बनवणाऱ्याच्या डोक्यात. फार तर एखाद्या वहीच्या पाठच्या पानावर, आणि ती वही कधीच रद्दीत गेलेली. मग चॅसी उलटी करायची आणि एकेका तारेचा माग काढत कागदावर उतरवायचं. मोडी वाचणाऱ्याला आधी हाताचं वळण कळतं आणि मग मजकूर, तसंच काहीसं इथे होतं. हा माणूस अर्थला नेहमी काळी तार घेतो. हाय टेन्शनला मात्र लाल न घेता पिवळी. प्रत्येक टॅगवर तारेला आधी पक्की आकडी घालतो, मगच सोल्डर लावतो. एवढं कळलं की पुढच्या तारा कुठे जाणार याचा अंदाज येऊ लागतो. एका ठिकाणी आकडी नाही, नुसता सोल्डरचा गोळा. म्हणजे तिथे मागाहून दुसऱ्या कुणीतरी हात घातलाय. असा गोळा मी सगळ्यात आधी तपासतो.

सेट रत्नागिरीचा. चॅसीच्या आत पेन्सिलीने ‘जाने. ८१’ लिहिलेलं. एरवी रेडिओच्या आउटपुटला असतो तो ६व्ही६ इथे क्रिस्टल ऑसिलेटर, त्याच्यापुढे शेवटच्या स्टेजला एक ८०७ आणि सप्लायला ५आर४ रेक्टिफायर. मीटर एकच, स्विच फिरवून ग्रिडचा नाहीतर प्लेटचा करंट बघायचा. माइकची सोय नाही, फक्त मोर्सची की.

८०७ हा आरसीए कंपनीने १९३६ साली काढलेला व्हॉल्व्ह. ६एल६चाच भाऊ, फक्त प्लेटचं कनेक्शन डोक्यावरच्या टोपीतून बाहेर काढलेलं, म्हणजे जास्त व्होल्टेज सोसवतं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेटांमध्ये तो ढिगाने वापरला गेला. अमेरिकन लष्कराच्या यादीत त्याचं नाव व्हीटी-१००. युद्ध संपल्यावर तो ढीग भंगारबाजारात उतरला. परदेशी तयार सेट आयातीच्या नियमांमुळे आपल्याकडच्या सामान्य हॅमच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याच्या, आवाक्यात नव्हता, त्यामुळे १९८०च्या दशकातसुद्धा मुंबईच्या चोरबाजारातला नाहीतर लॅमिंग्टन रोडवरचा ८०७ हाच पुष्कळांचा आधार. परदेशी हॅम लोकांत हा आकडा इतका मुरलेला आहे की ते बिअरच्या बाटलीलाही ८०७ म्हणतात. आमच्याकडे ही थट्टा चहावर भागते.

क्रिस्टल ७०५० किलोहर्ट्झचा, युद्धकाळातल्या एफटी-२४३ डबीतला. स्क्रू काढून डबी उघडली की आत धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये धरलेला क्वार्ट्झचा नखाएवढा चौकोनी तुकडा. जुने हॅम तो बारीक पावडरवर घासून फ्रिक्वेन्सी वर न्यायचे, आणि जास्त घासला गेला तर शिसपेन्सिल फिरवून थोडी खाली आणायचे. मी तो नुसता साबणाच्या पाण्याने धुतला, स्पिरिटने पुसला. ऑसिलेटर लगेच चालू झाला.

१९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चालवलेला भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होता. त्याची फ्रिक्वेन्सी काढली तर साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येते. या क्रिस्टलच्या अगदी शेजारी. युद्ध सुरू होताच सरकारने हॅमचे परवाने रद्द केलेले, त्यामुळे तेव्हा घरात ट्रान्समीटर असणं हाच गुन्हा. पोलिसांना चुकवण्यासाठी त्यांचा ट्रान्समीटर जागा बदलत फिरत होता. त्यातल्या देशभक्तीइतकंच मला त्यातल्या वजनाचं नवल वाटतं. मेन ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर चोक असलेली पेटी जिन्यावरून वर न्यायची म्हणजे काय, हे हा सेट तिसऱ्या मजल्यावर आणताना चांगलंच कळलं.

कोकणातला सेट म्हणजे आधी दमट हवेशी हिशेब. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, स्क्रू गंजून बसलेले, टँक कॉइलच्या आत कुंभारणीने केलेलं मातीचं घर. ते मी लाकडी काडीने फोडत फोडत काढलं, कॉइलचा एकही वेढा हलू न देता. ट्रान्सफॉर्मरच्या कागदाने पाणी ओढलेलं असतं. ते तसंच ठेवून मेन दिली तर वाइंडिंग जळतं. पत्र्याच्या डब्यात साठचा बल्ब लावून त्यात ट्रान्सफॉर्मर वाळत ठेवायचा आणि मेगरचा काटा वर सरकतोय का ते बघत राहायचं. यात घाई चालत नाही आणि करण्यासारखंही काही नसतं.

मग सिरीज बोर्ड. रेडिओवाल्यांचं हे हत्यार कुठल्याही महागड्या मीटरइतकंच खरं बोलतं: सेटच्या लाइनमध्ये एक बल्ब, तो भपकन पेटला तर आत शॉर्ट, मंद राहिला तर पुढे जायला हरकत नाही. काही जण डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवतात. पण रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असला की फिलामेंट तापेपर्यंत तो काहीच पुढे जाऊ देत नाही आणि तापला की बरंच काही एकदम. म्हणून कंडेन्सर तपासताना ५आर४ काढून तिथे मी तात्पुरते डायोड लावतो.

कंडेन्सरांबद्दल माझी मतं ठाम आहेत. मायकाचे सहसा हलवायचे नाहीत. कागदाचे, मेणात बुडवलेले, सगळे काढायचे. वरून ते कितीही धडधाकट दिसोत, आतून गळत असतात. इलेक्ट्रोलिटिक बदलायचे. पण जुन्या डब्या पोकळ करून त्यात नवे लपवायचे, वरून सेट कारखान्यातून आल्यासारखा दिसावा, ही जी पद्धत आहे ती मला पटत नाही. नवे कंडेन्सर मी चॅसीखाली उघड लावले. जुन्या डब्या वर जागच्या जागी राहिल्या, कनेक्शन तोडून, चिठ्ठी लावून. पुढे कुणी हा सेट उघडेल त्याला कुणाचं काम कुठलं हे कळायला हवं.

जिथे जिवाशी गाठ आहे तिथे मात्र मी बनवणाऱ्याचं ऐकत नाही. सप्लायचा ब्लीडर रेझिस्टन्स ओपन झाला होता, म्हणजे स्विच बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलेच राहणार. आउटपुटलाही एक उणीव होती. प्लेटचे ५५० व्होल्ट आणि गच्चीवरची अँटेना यांच्यामध्ये एकच मायका कंडेन्सर उभा. तो शॉर्ट झाला तर अँटेनाची तार थेट हाय टेन्शनवर. यावर जुना उपाय आहे: आउटपुटपासून अर्थपर्यंत २.५ मिलीहेन्रीची आरएफ चोक. रेडिओच्या सिग्नलला ती अडवते, डीसीला मात्र सरळ वाट देते. म्हणजे कंडेन्सर गेला तर फ्यूज उडतो, माणूस वाचतो. ती मी लावली. की ८०७च्या कॅथोडमध्ये होती, दांडी वर असताना तिच्या पितळेवर धक्का बसेल इतका दाब यायचा. मध्ये रिले घातला. थ्री-पिन, अर्थिंग, फ्यूज हे सांगायलाच नको. आणि सेट चालू असताना आत हात घालायचा तर दुसरा खिशात, म्हणजे करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जायला वाटच नको. आमच्यात हे जोडणी शिकवण्याआधी शिकवतात.

टँक कॉइलभोवती बारीक जाळीची पेटी होती. टीव्हीत व्यत्यय जाऊ नये म्हणून असं शील्ड करतात, पण ही जाळी बाजारातल्या कुठल्या शील्डसारखी दिसेना. सेट बनवणाऱ्यांच्या पत्नींना फोन करून विचारलं, “काकू, ही जाळी त्यांनी कुठून आणली होती हो?”

“आणली कुठली? माझ्या दोन चाळण्या गेल्या त्यात,” त्या म्हणाल्या. “शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रेघा यायच्या, रोज भांडण. मग म्हटलं, घ्या एकदाच्या. जाळी तेवढी काढू नका हं.”

काढायचा प्रश्नच नव्हता. पितळेची जाळी, चारी बाजूंनी चॅसीला सोल्डर केलेली, उत्तम काम.

खरी पंचाईत केली ती मीटरने. काचेवर प्लेट करंटच्या ९० मिलिअँपिअरपाशी काचेवर लिहायच्या पेन्सिलीने लाल रेघ ओढलेली होती. ८०७ सहाशे व्होल्टला १०० मिलिअँपिअर आरामात देतो, मग ९०च का? डमी लोड म्हणून चाळीसचा बल्ब लावला, की दाबली आणि ट्यूनिंग फिरवलं. प्लेट करंट आधी भराभर चढतो; रेझोनन्स सापडला की काटा झटकन खाली पडतो. हाच तो डिप. तो सापडेपर्यंत सेकंद मोजायचे, कारण तोवर प्लेट लाल व्हायला लागते. मग लोडिंग वाढवत न्यायचं, पुन्हा डिप, पुन्हा लोडिंग, आणि इकडे बल्ब उजळत जातो. काटा लाल रेघेवर आणला आणि दुसऱ्या मीटरने हाय टेन्शन मोजलं: ५५०. कागदावर गुणाकार केला, ४९.५ वॅट.

तेव्हा उलगडा झाला. १९७८च्या नियमांप्रमाणे ग्रेड टूच्या परवान्याला इनपुटची मर्यादा ५० वॅटची. रत्नागिरीत एका घराच्या माडीवर प्लेटला ९० मिलिअँपिअर जातायत की १०५, हे बघायला कोण येणार होतं? तरी त्यांनी रेघ ओढून ठेवली होती. सेटमधल्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा मला ती रेघ जपायची होती.

आणि नेमकं ते मीटर धोक्याच्या जागी होतं. ते थेट प्लेटच्या लाइनमध्ये, म्हणजे त्याचं सगळं आतलं अंग ५५० व्होल्टवर; काटा शून्यावर आणायचा बारीक स्क्रू समोर उघडा; आणि ग्रिड-प्लेट निवडायचा तो साधा रोटरी स्विच, ज्याच्या एका टोकाला हाय टेन्शन आणि शेजारच्या टोकाला जवळपास अर्थ. दमट हवेत असा स्विच कधी ना कधी चटकतोच. शहाणपणाची जागा कॅथोडची, अर्थच्या बाजूला. पण कॅथोडमधून प्लेटबरोबर स्क्रीनचा आणि ग्रिडचाही करंट जातो, म्हणजे काटा दहाएक मिलिअँपिअर जास्त दाखवणार. मीटर हलवलं की लाल रेघ खोटी पडते. नाही हलवलं तर सेट दुसऱ्या कुणाच्या हाती देता येत नाही.

मित्रांना विचारलं तर दोन तट पडले. एक म्हणाला, पुढे अॅक्रिलिकची पट्टी लाव आणि मीटर तिथेच ठेव. पण पट्टीने स्क्रू झाकतो, स्विच सुधारत नाही. शेवटी मीटर कॅथोडला नेलं आणि त्याला एक शंट लावला, इतकाच की एकूण करंट १०० असताना काटा ९०वर थांबावा. मीटर थोडं खोटं बोलतं, रेघ खरी राहते. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही. मागच्या बाजूला शंट का लावला ते लिहून ठेवलंय.

किरकोळ कामं पुष्कळ होती. ८०७ला व्हीएचएफवर आपोआप घुमायची खोड असते, ती मोडायला टोपीच्या तारेत रेझिस्टन्सवर गुंडाळलेली छोटी कॉइल लागते. ती जळकी होती, नवी केली. खिळखिळ्या सॉकेटच्या पिना आवळल्या. ऑसिलेटरची कॉइल एका फुटक्या व्हॉल्व्हच्या बुडावर गुंडाळलेली आहे, जुन्या हॅमची आवडती युक्ती. तिला काहीच झालेलं नव्हतं.

मग माझ्या परवान्यावर, माझ्या कॉल साइनने, ७०५०वर सीक्यू दिला, म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही हाक. केरळातून उत्तर आलं. रिपोर्ट ५७९, पुढे एक ‘सी’. या ‘सी’चा अर्थ चर्प: की दाबली की सूर किंचित घसरतो, डिट आणि डाह पक्ष्यासारखे किलबिलतात. कारण उघड आहे. की दाबताच ८०७ करंट ओढतो, सप्लाय खाली बसतो, त्याबरोबर ऑसिलेटरच्या स्क्रीनचं व्होल्टेजही बसतं आणि फ्रिक्वेन्सी सरकते. ही चर्प त्यांच्या वेळचीच, म्हणजे राहू द्यावी का? एक मन म्हणत होतं, राहू दे. पण बँड सगळ्यांचा आहे.

उपाय ठरलेला: ऑसिलेटरच्या स्क्रीनला व्हीआर१५० हा गॅस रेग्युलेटर व्हॉल्व्ह, जो १५० व्होल्ट धरून ठेवतो. त्याला जागा शोधायला चॅसी पुन्हा उलटी केली. ऑसिलेटरच्या शेजारी एक पत्र्याची टिकली दोन स्क्रूंनी बसवलेली होती. भोक चुकून पडलं असेल, बुजवलं असेल, असं मी तोवर धरून चाललो होतो. टिकली काढली तर खाली ऑक्टल सॉकेटच्या मापाचं भोक. त्याच्याजवळच्या टॅगवर, सर्किट उतरवताना मी ‘उपयोग नाही’ असं लिहिलेला वीस किलोओहमचा मोठा वायर-वाउंड रेझिस्टन्स, एक टोक पिवळ्या तारेला, म्हणजे हाय टेन्शनला आकडी घालून सोल्डर केलेलं, दुसरं मोकळं. ५५०वरून १५०वर यायला २० मिलिअँपिअरला बरोबर एवढाच रेझिस्टन्स लागतो. व्हॉल्व्ह त्यांना मिळाला नसावा, किंवा परवडला नसावा. मी लॅमिंग्टन रोडवरून व्हीआर१५० आणला, त्या भोकात सॉकेट बसवलं आणि मोकळ्या टोकाला पिवळी तार जोडली, आकडी घालून. पुढच्या आठवड्यात त्याच केरळच्या हॅमकडून रिपोर्ट आला तो ५७९, ‘सी’ नव्हता.