टोपलीखालचं मांजर

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. परवा भाच्याच्या मुंजीच्या याद्या करायला सगळे जमले होते. "हे कशाला, ते कशाला" असं चाललेलं असताना काकांनी ती नेहमीची मांजराची गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत असेलच. एका घरात कार्याच्या दिवशी मांजर सारखं दुधात तोंड घालायचं, म्हणून सासूबाईंनी त्याला टोपलीखाली झाकलं. पुढे सासूबाई गेल्या, मांजरही गेलं. पण सूनबाई कार्य निघालं की शेजारून मांजर मागून आणायच्या आणि टोपलीखाली झाकायच्या!

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिराच. कारण हीच गोष्ट मी एकदा भर मीटिंगमध्ये सांगितली होती, आणि ती माझ्याच अंगाशी आली होती. आजवर घरात कुणाला बोलले नाहीये, आज लिहूनच टाकते.

साल २०११. मी तेव्हा अमेरिकेत हार्टफर्डला होते. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं गाव. तिथल्या एका आयुर्विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर माझं काम होतं. सातारला सगळ्यांना वाटायचं, पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे काहीतरी एकदम नवंकोरं करत असणार. प्रत्यक्षात मी ज्या कोबॉल प्रोग्रॅम्सशी झटत होते त्यातले काही माझ्याहून वयाने मोठे होते :)

बॅच म्हणजे काय हे बाबांना समजावताना मी पिठाच्या गिरणीचं उदाहरण दिलं होतं. दिवसभर लोक डबे आणून ठेवतात: कुणाचा हप्ता आला, कुणाचा पत्ता बदलला, कुणी वारस बदलला. रात्री दहाला ऑनलाइन कारभार बंद होतो आणि दळण सुरू. आधी सगळे व्यवहार पॉलिसी नंबरप्रमाणे लावून घ्यायचे, मग कालची मुख्य फाइल आणि आजचे व्यवहार शेजारीशेजारी वाचत नवी मुख्य फाइल लिहायची. एका जॉबमधून जे बाहेर पडतं तेच पुढच्या जॉबच्या पोटात जातं. शून्य रिटर्न कोड आला तर पुढे, नाहीतर रात्री अडीचला कुणाचातरी फोन वाजणार. आणि काहीही झालं तरी सकाळी सहाच्या आत सगळं दळून व्हायलाच हवं.

या दळणातच कंपनीचे नियम मिसळलेले होते. "हप्त्याची तारीख उलटून ३१ दिवस झाले की पॉलिसी लॅप्स." बोलायला एक वाक्य. पण प्रोग्रॅममध्ये ते एका इफच्या पोटात दुसरा इफ, त्याच्या पोटात तिसरा, असं पसरलेलं. अमुक राज्य असेल तर वेगळं, अमुक सालाआधीची पॉलिसी असेल तर आणखी वेगळं. कायदा बदलला की कुणीतरी येऊन एक इफ वाढवून गेलेला. एवढासा नियम बदलायचा तरी तो कुठे कुठे लिहिलाय हे शोधण्यातच आठवडे जायचे. म्हणून आमचा प्रोजेक्ट: सगळे नियम प्रोग्रॅममधून उपसून बाहेर काढायचे, कोष्टकात मांडायचे आणि रूल इंजिनकडे सोपवायचे. म्हणजे विम्यातल्या माणसाला ते वाचता येतील आणि बदलताही येतील. कल्पना चांगली होती. मला आजही ती चांगलीच वाटते.

पहिला दणका वेगाने दिला. प्रत्येक पॉलिसीसाठी दुसऱ्या सर्व्हरवरच्या इंजिनला विचारायचं असं आधी ठरलं होतं. एका विचारण्याला २० मिलिसेकंद. डोळ्याची पापणीही लवत नाही एवढ्यात! पण पॉलिसी जवळजवळ ४० लाख. गुणाकार केला तर ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांच्या वर. आणि आमची रात्र आठ तासांची. शेवटी असं ठरलं की नियम कोष्टकातच ठेवायचे, पण त्या कोष्टकातून कोबॉलचाच एक छोटा प्रोग्रॅम तयार करून घ्यायचा आणि तो जुन्या बॅचमध्येच बसवायचा. म्हणजे दळण त्याच जात्यावर, फक्त कृती भिंतीवर लावलेली.

दुसरा दणका सेंटांचा. कोबॉलला "राउंड कर" असं स्पष्ट सांगितलं नाही तर ते उरलेला अपूर्णांक मुकाट कापून टाकतं. आम्ही कोष्टकात सगळीकडे व्यवस्थित राउंड केलं होतं. त्यामुळे थकलेल्या हप्त्यावरचं व्याज शेकडो पॉलिसींत एका सेंटाने वेगळं यायला लागलं. एक सेंट! पण ग्राहकाशी झालेला हिशेब जुन्या पद्धतीचा, म्हणजे आपणही कापायला शिकायचं.

आता मांजराकडे येते. 

नियम उपसताना लॅप्सच्या प्रोग्रॅममध्ये तीन ओळींचा एक तुकडा सापडला. रेकॉर्डच्या एका कोपऱ्यात एका अक्षराची जागा होती. तिथे 'एस' असेल तर ही पॉलिसी सोडून द्या, लॅप्स करू नका. वर एक शेरा: काढू नये, मेमो पाहा. मेमो कुठेही नव्हता. रेकॉर्डच्या नकाशात ती जागा रिकामी म्हणून दाखवलेली. चाचणीसाठी घेतलेल्या नमुन्यात 'एस' एकदाही आला नव्हता. विम्याच्या विभागातल्या तरुण मंडळींनाही काही सांगता येईना. मग मीटिंगमध्ये मी ती मांजराची गोष्ट सांगितली. हशा पिकला, आणि आम्ही त्या नियमापुढे "निवृत्त" असं लिहून मोकळे झालो.

एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. साठीच्या पुढच्या, निवृत्तीला काही महिने उरलेले, माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायच्या. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणायचे. जाताजाता एवढंच म्हणाल्या, "मांजर गेलंय हे बघितलंय का कुणी?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढे महिनाअखेरीची खरी, पूर्ण फाइल घेऊन जुनी आणि नवी पद्धत शेजारीशेजारी चालवली आणि दोन्हींचे निकाल ताडून पाहिले. सेंटांचे फरक होतेच. शिवाय सात पॉलिसी अशा, की जुनी पद्धत म्हणते चालू आणि नवी म्हणते लॅप्स. चाळीस लाखांत सात. गुरुवारी संध्याकाळी पाचला अहवाल द्यायचा होता. मी ते सात सेंटांच्याच यादीत "माहीत असलेले फरक" म्हणून ढकलले आणि खाली आद्याक्षरं टाकली.

माहीत असलेले! मी त्यातला एकही उघडून बघितला नव्हता.

आजी पर्स उचलून निघाल्या होत्या. टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "आकडा सांगू नकोस, पत्ते वाच." मी वाचले. शहराच्या जागी सातही ठिकाणी 'एपीओ'. म्हणजे परदेशी तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांची टपालाची व्यवस्था. 'एस' म्हणजे सोल्जर की सर्व्हिस, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कायदा विभागाने सांगितलं: १९४० सालचा कायदा आहे, २००३ मध्ये तो नव्या नावाने पुन्हा मांडला गेला. त्याखाली रीतसर अर्ज मंजूर झालेला सैनिक सेवेत असेपर्यंत आणि त्यानंतर दोन वर्षं हप्ता थकला म्हणून त्याचा आयुर्विमा लॅप्स करता येत नाही. थकलेले हप्ते तो मागाहून व्याजासह भरतो. २०११ साल, अफगाणिस्तानात युद्ध चालूच होतं. मांजर घरातच होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांपुढे सारखा मोठा मामा येत होता. तो फौजेत, सीमेवर, आणि त्याच्या विम्याचा हप्ता भरायला आजी मला बोट धरून न्यायची. एक महिना तिला ताप आला तर तापातच उठून निघाली होती. "माझ्यामुळे तुटायला नको," म्हणाली होती. त्या सात जणांच्या घरी माझ्या कोष्टकातून छापलेलं पत्र गेलं असतं. कायदा त्यांच्याच बाजूने राहिला असता हे खरं. पण त्यातला एखादा परत आलाच नसता, तर त्याच्या बायकोने ते पत्र हातात घेऊन कुणाकुणाशी भांडायचं?

तारीख तीन आठवडे पुढे गेली, साहेबांची चिडचिड झाली. आम्ही कोष्टकात प्रत्येक नियमापुढे आणखी रकाने वाढवले: हा कशामुळे आला, कधीपासून लागू, कुणाला विचारायचं. आणि शेवटची ओळ बदलली. आधी ती म्हणत होती, "वरच्या कशातच बसत नसेल तर लॅप्स." आता म्हणायला लागली, "थांबा, माणसाला दाखवा."

अहवालात लिहिलं गेलं की चूक चाचणीतच पकडली. ते खरंच होतं. पण माझ्या आद्याक्षरांचा तो पहिला कागद त्यात नव्हता. मी तो लावला नाही. आजींना माहीत होतं, त्या काही बोलल्या नाहीत. निरोपाच्या केकच्या वेळी सांगावंसं वाटलं होतं, तेही राहून गेलं.

आता दिवस बदललेत. २०२० च्या एप्रिलमध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉल येणाऱ्यांना मदतीला या म्हणून जाहीर हाक दिली होती. आज एआयची साधनं जुना कोबॉल वाचून साध्या भाषेत सांगतात की हा तुकडा काय करतो. मी वापरते, फार वेळ वाचतो. पण त्या तीन ओळी वाचून त्यांनी तरी काय सांगितलं असतं? "'एस' असेल तर सोडून द्या." एवढं तर मलाही वाचता आलं होतं.

असो. मुंजीच्या यादीला मी "कशासाठी" असा एक रकाना जोडलाय. आई वैतागली आहे. तीन ठिकाणी अजून रिकामं आहे आणि काका म्हणतात, ती तीन सरळ काढून टाक. मी म्हटलं, थांबा, आधी सातारच्या मावशीला फोन करते.