छडी गेली, चौकशी राहावी

गुरुजी वर्गाच्या दारात दिसले की सगळी पोरं ताडकन उभी राहायची आणि ‘एक साथ नमस्ते’चा गजर व्हायचा. तेच गुरुजी आठवडी बाजारात समोरून येताना दिसले, की आम्ही शेजारच्या बोळात शिरायचो. सोलापूरजवळच्या मंद्रूपमध्ये आणि आसपासच्या वस्त्यांवर सत्तरच्या दशकात याला आदर म्हणत. खरं तर त्यात निम्मा तरी धाक होता.

धाकाची सामग्री घरचीच. लिंबाची फोक आणायला पोरांनाच पिटाळायचे, आणि बारीक आणली तर आणणाऱ्यालाच पहिला प्रसाद. अंगठे धरणं, कोंबडा होणं, दोन बोटांत पेन्सिल घालून दाबणं हे त्या काळी गावोगावच्या शाळांत चालायचं. वडील नाव घालायला यायचे तेव्हाच सांगून ठेवायचे, “गुरुजी, हाडं आमची, कातडी तुमची.” फोकेपेक्षा जास्त झोंबायची ती नावं. पाय अधू असला की लंगड्या, जीभ अडखळली की तोतऱ्या. ती नावं वर्गात पडायची, गावभर व्हायची आणि पुढे लग्नाच्या मांडवापर्यंत पोचायची.

सोलापूर–विजापूर रस्त्यावरचा हा भाग, कर्नाटकाची हद्द जवळ. घरात अव्वा-अप्पाशी कानडी, गल्लीत सोलापुरी मराठी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तीन बोली सहा वर्षांच्या पोराला सांभाळाव्या लागायच्या. तहान लागली की तोंडातून ‘नीरु’ निघून जायचं आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. तसं एकदा झालं, की ते पोर धडा मोठ्यानं वाचायला उभंच राहायचं नाही. मंद्रूपच्याच तालुक्यात, हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. हे जो वाचेल तो विजयी होईल, असा आशीर्वाद त्यात कोरलेला आहे. वाचणाऱ्याचं इतकं कौतुक हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेल्या मुलखात पोरं वाचायला भीत होती.

पिण्याच्या पाण्यालाही जात होती. हंड्यात पेला कुणी बुडवायचा आणि कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं, हे न शिकवताच पोरांना ठाऊक असायचं. बाहत्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव सुकडीचा खाऊ वाटला जायचा, त्याच्या रांगेतही पुढचे-मागचे ठरलेले. मोठ्यांना वाकून नमस्कार करायला शिकवणारी शाळा शेजारी बसणाऱ्याचा मान ठेवायला क्वचितच शिकवायची. झाडणं, सारवणं मुलींकडे, घंटा देण्याचा मान मुलांकडे. चौथी झाली की कितीतरी मुली पाटी ठेवून खुरपं हातात घ्यायच्या.

आज चित्र पालटलंय, ते नुसत्या काळाच्या ओघानं नाही. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या 17व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. म्हणजे फोकेइतकंच ‘लंगड्या’ म्हणणंही बंदीत आलं. त्याच्या बऱ्याच आधी, 1985 साली, लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू करून भीतीशिवाय शाळा चालते, हे दाखवून दिलं होतं. 2022 पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या आल्या. तक्रारपेटी आली, भिंतीवर 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आला. दुपारी सगळी पोरं एका पंगतीत बसून खिचडी खातात. कधी कुरबूर होते, पण जेवणाची जागा आता आडनावावरून ठरत नाही. त्या काळात मार खाऊनच माणसं घडली असं कट्ट्यावर कुणी म्हणालं, की मला माराच्या भीतीनं शाळा सोडलेली पोरं आठवतात. ती हे सांगायला कट्ट्यावर नसतात, रानात असतात.

पण त्या धाकाच्या आड एक चांगली गोष्ट होती. गुरुजी गावातच राहायचे, कुणाच्या तरी वाड्यातल्या भाड्याच्या खोलीत. ज्वारीच्या काढणीत पोर चार दिवस दिसलं नाही, की संध्याकाळी ते दारात हजर. ओट्यावर बसून कडक भाकरी, शेंगाचटणी खायची आणि बोलता बोलता घरातलं सगळं समजून घ्यायचं. बापाचं पिणं, आईचं आजारपण, पावसानं गेलेलं पीक. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या वाट्याची छडी न बोलता माफ व्हायची. तो मात्र आदरच होता, पोराचा आणि त्याच्या घराचाही.

आताचे सर आणि मॅडम सोलापुरातून गाडीवर येतात. पोरांवर हात उगारत नाहीत, नाव घेऊन, ‘बाळा’ म्हणून बोलतात. मात्र दिवसाचा मोठा तुकडा ऑनलाइन माहिती भरण्यात जातो आणि पालकांशी गाठ पडते ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर. पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांचीही तऱ्हा वेगळी नाही. पूर्वी वळ दिसायचे, निदान आईला कळायचं. आताचं दुखणं मोबाइलमध्ये डोकं घालून गप्प बसतं. आई-बाप दोघं कामाला, आजी वस्तीवर, आणि पोर गप्प का, हे विचारायला घरात माणूस नाही.

शिक्षकांनी गावात बिऱ्हाड करावं, असा हट्ट आता धरता येणार नाही. त्यांनाही घरदार आहे, त्यांच्या मुलांच्या शाळा आहेत. पण गेली काही वर्षं शासनानं प्राथमिक शाळांसाठी ‘आनंददायी शनिवार’ सांगितला आहे. त्यातला महिन्याचा एक शनिवार वस्तीवरच्या घरांसाठी काढता येईल. सर येणार म्हटल्यावर घरी थांबणं, चहा ठेवणं आणि पोरासमोर त्यांच्याशी नीट बोलणं, एवढं पालकांकडे लागलं. एखादा शिक्षक दोन कानडी शब्द शिकून ‘ऊट आयिता?’, म्हणजे जेवण झालं का, असं विचारेल, तर वर्गातलं हसू आपोआप थांबेल. मोठी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे पाहूनच पोरं बोलायला शिकतात. छडी कायद्यानं काढता आली, दारात येणं मात्र कुठल्याही कलमात बसत नाही. ते गावानं बोलवायचं आणि शिक्षकानं यायचं.