घर एक, सह्या अकरा

जुनी घरे घेऊन, त्यांची डागडुजी करून पुन्हा विकण्याचा उद्योग आम्ही साठी गाठल्यावर आरंभिला, तेव्हा स्नेहीमंडळींनी त्यास निवृत्तीनंतरचा चळ ठरविले. वस्तुतः आम्ही अगदीच रिकाम्या हातांनी उतरलो नव्हतो. सरकारी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षे अंदाजपत्रके करण्यात गेली होती. कोणत्या भिंतीस किती चिरे लागतील, हे आम्ही झोपेतही सांगितले असते.

या उद्योगाची दीक्षा आम्हांस दिली ती अमेरिकेतील भाच्याने. तिकडे याच्या दोन वाटा आहेत, असे तो म्हणाला. एक, घर घ्यावे, दुरुस्त करावे, विकावे. त्यासाठी भांडवल हवे. खरेदीची किंमत काढण्याचे एक ढोबळ गणितही तेथे रूढ आहे: दुरुस्तीनंतर जी किंमत येईल तिचे 70 टक्के धरावे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, आणि उरेल त्याहून अधिक एक पैसाही देऊ नये. दुसरी वाट बिनभांडवली. तिला तेथे ‘होलसेलिंग’ म्हणतात. नाव घाऊक व्यापाराचे, परंतु माल काहीच नाही. अडलेला घरमालक गाठावा, त्याच्याशी कमी किमतीचा विक्रीकरार करावा, आणि तो करारच अधिक पैसे देणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती सोपवावा. मधली रक्कम आपली. घराला हातही लावावयाचा नाही!

भांडवल नव्हतेच, तेव्हा आम्ही दुसरी वाट धरली. आपल्याकडे नुसत्या विक्रीकराराने मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही, असे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 54 वे कलम सांगते. ते आम्ही वाचले होते. परंतु आम्हांस हक्क नको होता, मधली रक्कम हवी होती.

2018 च्या दिवाळीनंतर फोंडा तालुक्यातील एका गावी आम्हांस आमचे पहिले घर आढळले. चिऱ्याच्या जाड भिंती, मधोमध राजांगण, त्यात तुळस, पुढे वसरी आणि तिच्या दोहों बाजूंस सोपे. घरात एकट्या माई राहत. वय ऐंशीच्या घरात, यजमान जाऊन वीस वर्षे झालेली, दोघी मुली लग्न होऊन दूर. माईंनी दोन खोल्या वापरात ठेवल्या होत्या. बाकीच्या घराला कुलूप. दर वैशाखात छप्पर शाकारून घेणे त्यांस परवडेनासे झाले होते. तथापि हिशेबाला बाई मोठी तल्लख. परसातील नारळांचा पाड त्या कोळशाने भिंतीवर मांडीत, आणि पाडेकऱ्याला एका नारळाचीही चूक माफ नसे.

चाळीस लाखांस त्या राजी झाल्या. बेंगळुरूचे एक गृहस्थ पंचावन्न द्यावयास तयार होते. त्यांचे पत्र खिशात ठेवूनच आम्ही माईंकडे कागद नेला. चहा झाला. माईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारले, “आनी तुमी मागीर कितल्याक विकतले?”

“अजून काही ठरलेले नाही,” आम्ही म्हणालो.

वाचकहो, हे उत्तर देताना आमची जीभ अडखळलीदेखील नाही.

तो करार काही पुरा झाला नाही. त्याचे श्रेय मात्र आमच्या सद्सद्विवेकाचे नव्हे, कागदपत्रांचे. एक-चौदाच्या उताऱ्यावर माईंच्या यजमानांचे नाव होते; म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परंतु वकिलाने जुन्या नोंदणीची पुस्तके उघडली, तेव्हा पोर्तुगीज भाषेतील त्या नोंदीत घर माईंच्या सासऱ्यांच्या नावे निघाले. आणि सासऱ्यांना मुलगा एक असला तरी मुलगीही एक होती.

गोव्याबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा करावयास हवा. 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली, आणि 1961 साली पोर्तुगीज गेले तरी ती राहिली. वारसाहक्काचा तिच्यातील भाग आता 2012 च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला असून तो 2016 साली अमलात आला. तिची दोन तत्त्वे मात्र कायम आहेत. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे धनी. अर्थात विक्रीला जावयांची व सुनांचीही सही लागते. या हिशेबाने निम्मे घर माईंच्या नणंदेकडे गेलेले होते. नणंद हयात नव्हती. तिची तीन मुले होती. उरलेल्या निम्म्यातील निम्मे, म्हणजे अवघे पाव घर, माईंचे स्वतःचे. दुसरा पाव दोघी मुलींचा. जोडीदार धरून सह्या झाल्या अकरा.

माई त्या घरात साठ वर्षे नांदल्या होत्या. सारे घर आपले, असेच त्या समजत. नणंद सुखवस्तू घरी पडली, तिने कधी वाटा मागितला नाही, आणि तिच्या मुलांना तर असा वाटा आहे हे ठाऊकच नव्हते. ते त्यांस कोणी कळविले? आम्ही. बेळगावला जाऊन, त्यांच्या दिवाणखान्यात बसून, वंशावळीचा कागद पसरून आम्ही ते समजाविले. आम्ही माईंच्या दारी गेलो नसतो तर त्या अखेरपर्यंत साऱ्या घराच्या धनीण म्हणून राहिल्या असत्या. यावर आमचे वकील म्हणत, “मग त्या नणंदेने काय करावयाचे होते? तिचे माहेर नव्हते का ते?” याला उत्तर नव्हते. आजही नाही. माईंचे त्यात निम्मे गेले, आणि जे गेले ते त्यांचे नव्हते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नणंदेच्या मुलांनी न्यायालयात इन्व्हेंटरी दाखल केली. या कामात वारसांनी आपसांतच बोली लावावयाची असते. ज्याची बोली चढी त्याला घर, इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे. मध्ये महामारीची वर्षे गेली. 2022 मध्ये घर नणंदेच्या धाकट्या मुलाकडे गेले. माणूस सज्जन. मामी आपल्या दोन खोल्यांतच राहतील, हे त्याने आपण होऊन सांगितले. आणि दुरुस्तीचे काम दिले ते आम्हांस! बहुधा त्या घराची माहिती आमच्याइतकी दुसऱ्या कोणाला राहिली नव्हती म्हणून.

अशा रीतीने आम्ही पहिल्या वाटेवर आलो, तेही परक्याच्या भांडवलावर. अंदाजपत्रक केले अठरा लाखांचे. खर्च आला सत्तावीस. बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा पाडाव केला तो सिमेंटच्या एका थराने. माईंच्या यजमानांनी कधी काळी हौसेने भिंतींना सिमेंटचा गिलावा करविला होता. चिरा हा सच्छिद्र दगड. पावसात ओल पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ती सोडू देतो, सिमेंट देत नाही. गिलावा खरवडला तेव्हा आतला चिरा बोटाने भुगा व्हावा असा झाला होता. भिंतीच्या माथ्यावरील ज्या लाकडावर वासे टेकतात, ते वाळवीने आतून पोखरले होते. वर रंग मात्र शाबूत. मंगळुरी कौलांपैकी एक तृतीयांश फुटकी निघाली. नवी आणली, तर वेगळ्या कारखान्याची म्हणून त्यांच्या खाचा जुन्यांशी जुळेनात. शेवटी गावोगाव हिंडून पाडलेल्या घरांची कौले गोळा केली. खिडक्यांच्या शिंपल्यांचेही तेच. ते शिंपले समुद्रातून काढण्यास आता वन्यजीव कायद्याची आडकाठी आहे, तेव्हा पाच मोडक्या खिडक्यांतून तीन धड केल्या.

मार्चमध्ये छप्पर उघडले होते. मे संपेपर्यंत ते झाकणे भाग होते. त्याच्या आदल्या आठवड्यात सुतार आजारी पडला. त्या दिवसांत आम्ही रात्री अंगणात येऊन आभाळ पाहत असू. पहिल्या वळिवाची सर आली तेव्हा शेवटच्या दोन ओळी उघड्या होत्या, आणि ताडपत्रीखाली आम्ही स्वतः उभे होतो.

पाऊस लागल्यावर एके दुपारी हिशेबाची वही घेऊन आम्ही सोप्यावर बसलो होतो. माई आतून आल्या, समोरच्या सोप्यावर बसल्या, छपराकडे पाहिले. पाणी कोठेच गळत नव्हते. मग विचारले, “आनी तुमकां कितले उरले?”

आम्ही आकडा सांगितला: एकसष्ट हजार चारशे. आणि त्यांनी हात पुढे केला म्हणून वहीही दिली. चष्मा पुसून त्यांनी पाने उलटली. बराच वेळ गेला.

“सुताराची मजुरी तुमी दोन फावटी धरल्या,” माई म्हणाल्या.

आम्ही पाहिले. धरली होती.