पाटीवरचा ओक

इंग्लंडच्या ग्रामीण भागात फिरणाऱ्याला ‘रॉयल ओक’ नावाचा पब आढळला नाही, असे सहसा होत नाही. मी ज्या खेड्यात दुपारी टेकलो तेथेही तो होता. ठेंगणे छत, काळवंडलेल्या तुळया, आणि बाहेर टांगलेल्या पाटीवर दाट वृक्ष व पानांआडून डोकावणारा मुकुटधारी चेहरा. अक्षरओळख नसलेल्यांनाही वाचता यावी अशी ती पाटी होती. मी मात्र तीस वर्षे विद्यार्थ्यांना रेस्टोरेशन कालखंडाची टिपणे सांगत आलो आणि फळ्यावर १६६० हे साल लिहिताना मला हे झाड कधी दिसले नाही!

३ सप्टेंबर १६५१ रोजी वुस्टरच्या लढाईत क्रॉमवेलने एकवीस वर्षांच्या चार्ल्सचा पुरता पराभव केला. ६ सप्टेंबरचा दिवस त्याने बॉस्कोबेलच्या रानातील एका ओकवर, कॅरलेस या सेनाधिकाऱ्यासह काढला. झाड काही वर्षांपूर्वी छाटलेले, म्हणून नव्या फुटीने दाट झालेले. बरोबर पाव, चीज आणि हलकी बीअर. खाली सैनिक रान धुंडाळीत होते आणि वर थकलेला राजा कॅरलेसच्या हातावर डोके ठेवून झोपला होता. हात बधिर झाला, तेव्हा त्याला राजाला चक्क चिमटा काढून जागे करावे लागले म्हणतात. पुढे १६८० मध्ये चार्ल्सने आपल्या पलायनाची हकीकत स्वतः सॅम्युअल पेप्सला सांगितली व पेप्सने ती लघुलिपीत उतरवून घेतली.

मला अधिक कुतूहल वाटते ते पेंडरेल बंधूंचे. रान राखणारी, शेती करणारी, गिरणी चालविणारी ही साधी कॅथलिक माणसे. ज्यांना स्वतःचा धर्मही लपूनछपून पाळावा लागे, त्यांना माणूस दडविण्याची विद्या अवगत असणारच. पण हा माणूस सहा फुटांहून उंच, कोठेही उठून दिसणारा, आणि त्याच्यासाठी एक हजार पौंडांचे इनाम लागलेले. कोणी तोंड उघडले नाही. राज्य परत मिळाल्यावर चार्ल्सने त्यांना वर्षासन बांधून दिले. त्यांच्या वंशजांना ते आजही पोचते. पाटीवर मात्र त्यांच्यापैकी कोणी नाही. मूळ ओकही उरला नाही. आठवण म्हणून फांद्या तोडून नेणाऱ्या राजनिष्ठांनीच तो संपविला. आज तेथे दाखवितात तो त्याचा वंशज मानतात.

मीही पाव-चीजच घेतले होते. पैसे देण्यासाठी दहा पौंडांची नोट पुढे केली आणि हात थबकला. याच चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालकडून मुंबई आंदण मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली, वार्षिक दहा पौंड खंडाने. बॉस्कोबेलच्या रानात हजार पौंडांना जे विकले गेले नाही त्याचा लाभ घेतलेला हा राजा! मुंबईत राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारले नव्हते.

मालकीणबाईंनी नोट घेऊन मोड परत दिली. त्यांना हे सांगावे असे मनात आले; पण माझ्यामागे गिऱ्हाइके खोळंबली होती.