दारासमोरची नावं

बर्लिनच्या शोनेबर्ग भागात आम्ही राहतो, त्या इमारतीच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळी पत्र्याचे चार चौकोनी दगड बसवले आहेत, एका ज्यू कुटुंबाचे. प्रत्येक दहा सेंटिमीटरचा. 'इथे राहत होते' अशी सुरुवात. मग नाव, जन्मसाल, नाझींनी कधी नेलं, कुठे मारलं. चौथा एका मुलीचा. जन्म १९३५, आउश्वित्झ १९४३. माझी लेक आज तेवढीच आहे.

१९३८ साली ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले. त्या तारखेला आम्ही शेजारी मिळून हे दगड घासतो. पितळ वर्षभरात काळं पडतं. फडक्याला पॉलिश लावून गुडघ्यांवर बसायचं. अक्षरं खोल लागतात बोटांना, कारण ती हातोडीने एकेक ठोकलेली असतात. गुंटर डेमनिग या कलावंताने हे काम १९९२ साली कोलोनला सुरू केलं. २०२३ मध्ये न्यूरेम्बर्गला एक लाखावा दगड बसला.

नावावर पाय पडतो, हे मला अजून सोसत नाही. पंढरपूरला नामदेवांनी संतांची पायधूळ लागावी म्हणून पायरीची जागा मागून घेतली, तरी वारकरी तिच्यावर पाय देत नाही, माथा टेकवून पुढे जातो. या माणसांनी तर काहीच मागितलं नव्हतं. म्युनिकमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवायला २००४ पासून मनाई आहे. नाझी काळातून वाचलेल्या शार्लोटे क्नोब्लोख यांचा आक्षेप हाच, की नावं पुन्हा पायदळी येतात. त्यांच्यासमोर वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

तरीही मला हे दगड इथेच हवेत. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ मारल्या गेलेल्या ज्यूंचं २,७११ शिळांचं मोठं स्मारक आहे. तिथे मुद्दाम जावं लागतं. इथे दूध आणायला निघालं तरी ते कुटुंब भेटतं. आणि ज्या जिन्यावरून त्यांना खाली उतरवलं, तो जिना तोच आहे. प्रत्येक मजल्यावर शेजारी होते. कुणालाच काही दिसलं नाही, असं या दारात उभं राहून म्हणता येत नाही.

यंदा जुन्या कागदपत्रांत तिसऱ्या मजल्यावरच्या एका विधवेचं नाव सापडलं. न्यायला येण्याआधीच तिने जीव दिला होता. अशा माणसांचेही दगड बसवतात. तिच्यासाठी आम्ही अर्ज केला आहे, वर्गणीही जमली आहे. आता पाळी येण्याची वाट पाहतो आहोत.