चार चाके आणि एक चढ

गेल्या वर्षी आषाढातल्या एका रात्री आमच्या आज्जीला खुर्चीत बसवून चार माणसांनी डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणले. आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. तिकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. घरापासून डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर, पण मध्ये तांबड्या मातीचा एक चढ. त्या रात्री आमची जुनी व्हॅन त्या चढावर जागच्या जागी चाके फिरवीत राहिली. आज्जीला न्यूमोनिया झाला होता. ती बरी झाली. पण बाबांच्या मनातली ती चाके काही थांबली नाहीत.

"चारही चाकांना ताकद असलेली गाडी घ्यायची," असे बाबांनी गणपतीत जाहीर केले आणि घरातला एकुलता एक कॉमर्सवाला म्हणून चौकशीचे काम माझ्याकडे आले.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा नजर वळली जुन्या डस्टरकडे. ही गाडी भारतात २०१२ साली आली, २०१४ मध्ये तिची चारही चाकांवर चालणारी आवृत्ती निघाली आणि पुढे त्या पिढीचे इथले उत्पादन थांबले. दीड लिटरचे डिझेल इंजिन, सहा गिअर. नेहमी पुढची चाके गाडी ओढतात. ती घसरू लागली की विजेवर चालणारा एक क्लच मागच्या चाकांनाही ताकद पोचवतो. 'लॉक'चे बटण फिरवले की कमी वेगात पुढची-मागची चाके मिळून काम करतात. जीपसारखा वेगळा 'लो' गिअर नाही. त्याऐवजी पहिला गिअरच फार आखूड ठेवला आहे.

बेळगावातच एक गाडी मिळाली. मालक कन्नडभाषक, सज्जन. बाबांचे मराठी, त्यांचे कन्नड आणि मध्ये दुभाषा मी. ते स्वतः बरोबर आले आणि भाद्रपदातल्या एका भिजक्या रविवारी आम्ही गाडी थेट त्या चढावर नेली. पहिला गिअर, 'लॉक', आणि गाडी म्हशीसारखी सावकाश वर चढली. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. उतरताना मात्र ब्रेक दाबल्यावर ती हातभर घसरलीच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रेक प्रत्येकच गाडीचे चारही चाकांना असतात. तिथे या गाडीला जास्तीचे काही मिळत नाही. तिथे कामाला येतात ते टायर.

परतल्यावर आमच्या मेस्त्रींनी टायरच पाहिले. पुढचे दोन झिजलेले, मागचे दोन कोरे. अशा गाडीला चारही टायर सारखे लागतात, नाहीतर मागच्या-पुढच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि क्लचवर ताण येतो, असे त्यांनी समजावले. मग हात पुसत म्हणाले, "रस्ता नोडी गाडी तगोरी." रस्ता बघून गाडी घ्या.

मी रस्ता 'बघायचा' ठरवला, पण आमच्या पद्धतीने, म्हणजे वहीत. शेजारचे काका रोज दूध डेअरीला घालतात. ज्या दिवशी दूध गेले नाही किंवा डोक्यावरून न्यावे लागले, त्या दिवसाची नोंद त्यांच्या वहीत असते. तीन पावसाळ्यांची पाने चाळली. चढावरून वाहन गेले नाही असे दिवस वर्षाला सरासरी चाळीस. आणि जांबोटीच्या वाटेवरचा फरशीपूल पाण्याखाली गेला असे दिवस पाच.

ताळेबंद आपोआप मांडला गेला. पाण्याखालच्या पुलावर चार चाके काय नि दोन काय, तिथे गाडी घालायचीच नसते. म्हणजे त्या पाच दिवसांना पैशाने उत्तर नव्हते. उरले चाळीस. तीच गाडी, पुढच्या चाकांवर चालणारी, जमिनीपासूनची उंची जवळजवळ तेवढीच, लाखभर रुपयांनी स्वस्त मिळत होती. आणि त्या लाखात तो चढच पक्का होत होता!

बाबा रागावले. "त्या रात्री तुझी वही कुठं होती?" म्हणाले. मला उत्तर सुचले नाही. खरे तर मीही त्या खुर्चीचा एक पाय धरला होता. दोन दिवसांनी मी एवढेच म्हणालो, "बाबा, गाडी बेळगावात असेल आणि आज्जी गावात. त्या रात्री तुम्ही गावात होता, हा योगायोग. चढ मात्र रोज तिथेच असतो."

मार्गशीर्षात चढावर जांभ्याचे सोलिंग झाले, वर मुरूम. चार घरांची सामाईक वाट. दगड-ट्रॅक्टरचे पैसे आमचे, अंगमेहनत सगळ्यांची. सत्तर हजारांत काम उरकले. उरलेल्या पैशांत आम्ही घेतलेल्या साध्या गाडीला चार नवे टायर बसले. काकांची दुधाची सायकल आता त्या चढावरून जाते, आणि शाळेची पोरेही.

राहिले ते पाच दिवस. त्यांचा जमाखर्च माझ्याकडून जुळला नाही, तो आज्जीने जुळवला. "आषाढात येईन बेळगावला," म्हणाली, "पण एकच महिना हं! आणि म्हशीकडे कोण बघणार, ते आधी ठरवा."

ते अजून ठरायचे आहे.