बिल्ला आणि शिक्का

कॅलिफोर्नियात कुत्रे चार महिन्यांचे झाले की त्याचा परवाना काढावा लागतो. अर्जासोबत रेबीजच्या लशीचा दाखला लागतो, आणि ही लस तीन महिन्यांच्या पिल्लापासून पुढे सक्तीची आहे. परवाना देण्याचे काम कौंटीचे किंवा शहराचे, म्हणून फी, मुदत आणि अर्जाचा नमुना गावागणिक बदलतो. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याला फी निम्मी किंवा त्याहून कमी लावायची, एवढे मात्र राज्याच्या कायद्यानेच ठरवून दिले आहे. फी भरली की घरी धातूचा बिल्ला येतो. त्यावरचा क्रमांक कार्यालयाच्या दप्तरी मालकाच्या नावावर चढलेला असतो. कुत्रे हरवून निवाऱ्यात पोहोचले, तर त्याच क्रमांकावरून घरी फोन येतो.

ही सगळी व्यवस्था रेबीजपायी उभी राहिली. अमेरिकेत कुत्र्यांमधून कुत्र्यांत पसरणारा रेबीजचा प्रकार संपल्याचे 2007 मध्ये जाहीर झाले. आता तेथे हा रोग मुख्यतः वटवाघळे, स्कंक, रॅकून आणि कोल्हे यांच्यात टिकून आहे. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती घेऊन वाढलेल्या मराठी माणसाला या व्यवस्थेचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

अपंग व्यक्तीला मदत करणारा सर्व्हिस डॉग या नियमातून सुटत नाही. 1990 च्या अपंगत्वविषयक संघीय कायद्याने त्याला दुकान, उपाहारगृह, रुग्णालय, सरकारी कचेरी अशा ठिकाणी मालकाबरोबर जाण्याची मुभा मिळते, पण लस आणि स्थानिक परवाना इतर कुत्र्यांप्रमाणेच त्यालाही लागतो. उलट बाजूने, ‘सर्व्हिस डॉग’ म्हणून वेगळी सक्तीची नोंदणी कोणतेही शहर लादू शकत नाही. ऐच्छिक नोंदवही ठेवता येते, उदाहरणार्थ वणवा किंवा भूकंपाच्या वेळी कोणाला कुत्र्यासह हलवायचे हे कळावे म्हणून. आणि तीत नाव घालणाऱ्याला फीत सवलतही देता येते. एखाद्या शहरात विशिष्ट जातीच्या कुत्र्यांवर बंदी असली, तरी केवळ जातीमुळे सर्व्हिस डॉगला ती लागू होत नाही.

सर्व्हिस डॉग कोणाला म्हणायचे, हे कागदावरून ठरत नाही, कामावरून ठरते. 15 मार्च 2011 पासून लागू असलेल्या संघीय नियमांनुसार तो कुत्राच असावा लागतो (लहान चणीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे) आणि अपंगत्वाशी निगडित एखादे ठरावीक काम करायला तो शिकवलेला असावा लागतो. शिकवणी संस्थेकडूनच व्हावी असे नाही. मालकाने घरी शिकवले तरी चालते. पॅनिकचा झटका येऊ घातला आहे हे ओळखून मालकाला बाजूला नेऊन बसवणारा कुत्रा सर्व्हिस डॉग ठरतो. नुसत्या जवळ असण्याने ज्याचा धीर वाटतो, तो ठरत नाही. या दुसऱ्या प्रकाराला इमोशनल सपोर्ट अॅनिमल, म्हणजे भावनिक आधाराचा प्राणी म्हणतात.

प्रस्तुत लेखकाच्या घरात हे दोन्ही प्रकार एकाच काळात नांदले, आणि दोहोंची गल्लत घरातूनच झाली. लेखकाच्या पत्नीला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. तिच्यासाठी ठमी नावाची काळी लॅब्रॅडोर आली. अशा कुत्र्याला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सिग्नल डॉग असे नाव आहे. दाराची घंटा, धुराचा अलार्म आणि कुकरची शिट्टी ही ठमीची तीन कामे. पहिली दोन ती शिकूनच आली होती, तिसरे घरी शिकवावे लागले. शिट्टी झाली की ती पत्नीच्या गुडघ्याला नाकाने ढोसणी देई आणि स्वयंपाकघराकडे वळे. शिट्ट्या मोजणे काही तिला जमले नाही. डाळीला तीन शिट्ट्या लागतात, तर ती तीन खेपा घाली, आणि दर खेपेला तितक्याच तातडीने.

सासूबाईंचा गुंडू हा दुसरा प्रकार. सासऱ्यांच्या पश्चात त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हापासून हा पांढरा स्पिट्झ त्यांच्या मांडीवर असे. त्याने काम म्हणून काही केले नाही, पण तो असला की त्यांना झोप लागे. घरमालकाचा पाळीव प्राण्यांना विरोध होता. तेव्हा लेखकाने एका संकेतस्थळावर शंभरेक डॉलर भरून गुंडूचे ‘राष्ट्रीय प्रमाणपत्र’ मागवले. सोनेरी शिक्का, खाली वळणदार सही, सोबत फोटोचे ओळखपत्र आणि लाल अंगरखा. सरकारी कामात शिक्क्याला मान देण्याची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे कागद पाहून घरात समाधान पसरले.

कौंटीच्या प्राणी नियंत्रण कार्यालयात ते टिकले नाही. खिडकीतल्या बाईंनी लशीचे दोन्ही दाखले घेतले, निर्बीजीकरणाचे कागद घेतले आणि सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र दोन बोटांनी सरकवत परत केले. त्याची नोंद करायला त्यांच्या अर्जात रकानाच नव्हता. गुंडूचा परवाना साधा निघाला, निर्बीजीकरणाची सवलत धरून जी फी होईल ती भरून.

ठमीसाठी मात्र आणखी एक कागद पुढे आला. राज्याच्या कायद्याप्रमाणे गाइड, सिग्नल आणि सर्व्हिस डॉगसाठी वेगळा ओळख-बिल्ला मिळतो, आणि तो घेताना मालकाला प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. कुत्रा या वर्गातला असल्याची जाणूनबुजून खोटी बतावणी केल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वाचून समजल्याची ती कबुली असते. सोनेरी कागदावर अशी एक ओळही नव्हती, हे तेव्हा ध्यानात आले. पत्नीने सही केली. या बिल्ल्याच्या कुत्र्याला त्या कौंटीत परवान्याची फी माफ होती; अनेक ठिकाणी तशी असते. भावनिक आधाराच्या प्राण्याला हा बिल्ला मिळत नाही.

बिल्ला असो वा नसो, सार्वजनिक ठिकाणचा हक्क त्यावर अवलंबून नसतो. अपंगत्व उघड दिसत नसेल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागद मागता येत नाही, आजाराविषयी विचारता येत नाही, काम करून दाखवायला सांगता येत नाही. कुत्रा आवरत नसेल किंवा त्याला बाहेर जायचे वळण नसेल, तर त्याला बाहेर काढायला सांगता येते. एका देशी उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाने ठमीचे ‘लायसन्स’ मागितले, तेव्हा पत्नीने बिल्ला दाखवला नाही. दोन प्रश्न कोणते ते सांगितले आणि त्यांची उत्तरेही दिली. दाखवला असता तर काम लवकर झाले असते, असे लेखकाचे मत आहे. पुढच्या बिल्ला नसलेल्या गिऱ्हाइकाची पंचाईत झाली असती, असे पत्नीचे. नियमाच्या दृष्टीने तिचेच बरोबर आहे.

गुंडूला आधार मिळाला तो घरांविषयीच्या कायद्याचा. गृहनिर्माणातील भेदभावाविरुद्धच्या संघीय कायद्यात 1988 च्या दुरुस्तीने अपंगत्वाचा समावेश झाला. त्याखाली आणि राज्याच्या नियमांखाली भाडेकरूला भावनिक आधाराचा प्राणी ठेवण्याची सवलत मागता येते, आणि मान्य झाल्यास पाळीव प्राण्याची अनामत द्यावी लागत नाही. नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते, ती चुकत नाही. ही सवलत मागायला लागते ते उपचार करणाऱ्याचे पत्र. 1 जानेवारी 2022 पासून कॅलिफोर्नियात कुत्र्यासाठी असे पत्र देण्यापूर्वी रुग्णाशी किमान तीस दिवसांचा संबंध आणि वैद्यकीय तपासणी आवश्यक झाली. प्रमाणपत्रे, अंगरखे, बिल्ले विकणाऱ्यांनाही, या वस्तूंमुळे प्राणी सर्व्हिस डॉग ठरत नाही, असे लेखी कळवावे लागते. सासूबाईंचे पत्र त्यांच्या डॉक्टरांनी दिले, तेही दुसऱ्या महिन्यात. ते साध्या कागदावर चार ओळींचे होते, आणि घरमालकाने मान्य केले.

विमानात ही सवलत उरलेली नाही. 11 जानेवारी 2021 पासून अमेरिकी विमान कंपन्यांना भावनिक आधाराचा प्राणी साधा पाळीव प्राणी म्हणून गणता येतो. सर्व्हिस डॉगसाठी त्या ठरावीक सरकारी अर्ज भरून मागू शकतात. रस्त्यावरच्या दुकानात जो कागद मागता येत नाही, तो विमानतळावर मागता येतो, ही विसंगती दोन वेगळ्या कायद्यांतून आली आहे.

ओळख-बिल्ला कायमचा नसतो. कुत्रा मेला किंवा कामातून निवृत्त झाला की तो ज्या कार्यालयाने दिला त्याला ताबडतोब परत करायचा, असे कायदा सांगतो. दहाव्या वर्षी ठमीचेच कान मंद झाले. शिट्टी होई, ती झोपून राही. बिल्ला पाकिटात घालून टपालाने परत गेला. साधा परवाना मात्र कुत्रे जिवंत असेतो चालूच ठेवावा लागतो. त्या वर्षी नूतनीकरणाची नोटीस आली, तिच्यात फी पहिल्यांदाच लावलेली होती.